चाल : हेमचंद्र भुसारी

॥ श्री ॥
सनीव्हेल,
रविवार, २१ जानेवारी २०२४

ती. दादास,
वसूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र आणि वड्यांचा डबा पोचला. डब्यात वडी एकही नव्हती, निव्वळ भुगा होता. शंतनू आणि नेत्राने तो चमच्याने खाल्ला आणि मामाची आठवण काढली. कानांचं यंत्र तू पुन्हा काढून ठेवलंस, असं ऋषीकडून कळलं. त्यातून सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येतात, हे तुझं गाऱ्हाणं मला पाठ आहे. पण खरं सांगू का, तुझा फोन बंद झाला आणि माझी चैन झाली. शैलजावहिनी गेल्यापासून तीन वर्षांत तू जितकं बोलला नाहीस, तितकं गेल्या सहा महिन्यांत कागदावर बोललास.

आता बातमी ऐक, आणि बसून वाच. आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये दॉ टिन न्यो नावाच्या ब्रह्मी बाई राहायला आल्या आहेत. त्यांच्याकडे ‘दॉ’ म्हणजे आपण काकू म्हणतो तसंच. नात थिरी सांता क्लाराला चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. आमची वाट्यांची देवाणघेवाण चालते. त्या मला चहाच्या मुरवलेल्या पानांची कोशिंबीर देतात, मी त्यांना शेव देते. गुरुवारी वाटी परत करायला गेले, तर बाई गॅलरीत झाडांना पाणी घालत गुणगुणत होत्या. दादा, ती तुझी चाल होती. वहिनीच्या गाण्याची. पहिल्या ओळीत एकदम वर जाते, मग सावकाश उतरते आणि शेवटच्या शब्दाआधी जरा अडखळते, तीच.

मी विचारलं, हे कुणाचं. त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचं. ऊ चिट ल्विन हे त्यांचं नाव, पाच वर्षांपूर्वी गेले. रंगूनला शाळामास्तर होते, पण तरुणपणी गाणी करत. थिरीने मला नीट समजावून सांगितलं. त्यांच्याकडे म्हणे तेव्हा परदेशी चाल घ्यायची आणि तिच्यावर ब्रह्मी शब्द लिहायचे, असाच रिवाज होता. खलाशांनी आणलेल्या टेप ऐकून हिंदी, इंग्रजी, सगळ्या चाली घ्यायचे. त्याला ‘कॉपी’ गाणं म्हणतात आणि त्यात कमीपणा कुणालाच वाटत नाही. शब्द लिहिणाऱ्याला चांगला मान असतो. स्वतःची चाल करणारे थोडे, त्यांना ‘ओन ट्यून’वाले म्हणतात. ऊ चिट ल्विन त्यातले, असं दॉ टिन न्यो अभिमानाने सांगत होत्या. लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा थिरीच्या मैत्रिणींनी तिच्याकडून शिकलेलं हेच गाणं गल्लीत भांडी वाजवत म्हटलं आणि तिथून ते सगळीकडे पसरलं. आता १४ एप्रिलला, त्यांच्या पाण्याच्या सणाच्या दिवशी, फ्रीमॉन्टला या ओन ट्यूनवाल्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम आहे. नाच, पाणी उडवणं काही नाही. देणग्या जमवून तिकडच्या बेघर मुलांच्या शाळांना पाठवायच्या.

माझं तोंड तुला ठाऊक आहे. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की ही चाल माझ्या भावाची आहे. वहिनीने लग्न ठरल्यावर पत्रातून पाठवलेली कविता त्याला कोलंबोच्या बंदरात मिळाली, ती वाचता वाचता त्याला डेकवर चाल सुचली, आणि लग्नात त्याने ती गायली. शंतनूने लग्नातल्या त्या स्पूल-टेपवरून करून दिलेलं रेकॉर्डिंग फोनवर होतंच, ते लावलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. तुझा आवाज गोड आहे म्हणाल्या. मग चहा करते म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

तू बोटीवर असताना रंगूनला गेला होतास ना? तिथे कुणासमोर गायलास का? आयुष्यात एकच चाल केलीस, दुसरी कर म्हणून आम्ही घसा कोरडा केला. पण त्या एकीने समुद्र ओलांडला बघ. सविस्तर लिही.

आहे तो लोभ राहू दे, तिळगूळ मात्र पुढच्या वर्षी लाडवांचा पाठव.
तुझी,
वसू


पिस्कॅटवे,
२ फेब्रुवारी २०२४

चि. वसूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ऋषीने माझ्याआधी उघडलं. हल्ली माझं टपाल तोच बघतो. वाचून तो इतका नाचला की शेजारचे दार वाजवायला आले असते. मला कागदावर लिहून दाखवलं : आईचं गाणं बर्मात फेमस आहे! त्याने रात्रीच्या जेवणाआधी मुलांना सांगून टाकलं, मित्रांना कळवलं आणि एप्रिलची तिकिटंही बघून ठेवली.

तू विचारतेस म्हणून सांगतो. रंगूनला मी एकदाच गेलो, जानेवारी १९७४. तांदूळ भरायला बोट अठरा दिवस खोळंबली होती. धक्क्याजवळ एक चहाचं दुकान होतं, तिथे आम्ही बसायचो. मी तिथे गात असे आणि लोक जमत. त्यातल्या कुणीतरी चाल उचलली असेल. तूच लिहितेस की त्यांच्याकडे तसा रिवाज आहे. तेव्हा त्या बाईंच्या यजमानांना मी दोष देत नाही आणि माझा राग नाही, हे त्यांना सांग.

मात्र कार्यक्रमाचं पत्रक छापणार असतील, तर नाव बरोबर छापावं, असं ऋषीचं म्हणणं आहे आणि मलाही ते रास्त वाटतं. या देशात मी चाळीस वर्षं काढली. दोन पेटंटं माझ्या नावावर आहेत. ज्याचं त्याला मिळालं की कुणाचं काही अडत नाही. ‘चाल : हेमचंद्र भुसारी’ एवढंच पुरे.

थंडी फार आहे. अंगणातला बर्फ काढायचं काम आता ऋषी मला करू देत नाही. गुडघ्याला तेल लावत जा. चि. शंतनू व सौ. नेत्रा यांस आशीर्वाद. कमीजास्त लिहिलं असेल तर मोठा भाऊ म्हणून पोटात घाल.
हेमचंद्र


॥ श्री ॥
सनीव्हेल,
२५ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. सोबत पत्रकाचा नमुना आहे, त्यात पाचव्या गाण्याखाली इंग्रजीत तुझं नाव बघ. थिरीने एका दिवसात बदलून दिलं. मला वाटलं होतं वाद होईल, निदान चार प्रश्न विचारतील. कुणी काहीच विचारलं नाही. थिरी म्हणाली, आमची निम्मी गाणी कॉपीच आहेत, ज्यांना हे गाणं आवडतं त्यांना त्याने काही फरक पडणार नाही. आजीनेच सांगितलंय, नाव घाला म्हणून.

हे सगळं इतकं सुरळीत झालं आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

दादा, गेल्या आठवड्यात दॉ टिन न्यो माझ्याकडे येऊन बसल्या. थिरी नव्हती, त्यामुळे मोडक्या इंग्रजीत आणि मोडक्या हिंदीत बोलल्या. त्यांच्या नवऱ्याचं हे गाणं रेकॉर्डिंगच्या दुकानात कुणी घेतलं नव्हतं. लोकांना ओळखीची चाल हवी असायची. दुकानदार विचारायचा, मूळ गाणं कुठलं ते सांग. हा म्हणायचा, मूळ काही नाही, हे माझंच. त्यावर सगळे हसायचे. मूळ लपवून ठेवतो, कॉपीला ओन ट्यून म्हणतो, अशी त्याची चेष्टा झाली. दोन वर्षांत त्याने गाणी सोडली आणि शाळेत लागला. त्याच्यावर विश्वास ठेवणारं माणूस एकच होतं, ही बायको. नणंदांशी भांडली, शेजाऱ्यांशी भांडली, एका लग्नात तर पंगतीतून उठून आली. हे सांगताना त्या हसत होत्या. मग म्हणाल्या, सगळं जग खरं बोलत होतं आणि एकटा माझा नवराच खोटं बोलत होता, हे कळायला मला अमेरिकेत यावं लागलं. त्यांनी त्याचा गिटार घेतलेला फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला आहे. चिडल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. त्यांनी उलट माझीच क्षमा मागितली, तुझ्या भावाचं गाणं आम्ही पन्नास वर्षं आमचं म्हणून गायलो, म्हणून.

त्या गेल्यावर मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. दादा, तू रंगूनला जानेवारीत होतास. वहिनीची कविता तुला कोलंबोला मिळाली, फेब्रुवारीत, हे तूच आम्हाला शंभरदा सांगितलं आहेस. कविता वाचून चाल सुचली म्हणतोस, तर महिनाभर आधी रंगूनच्या चहाच्या दुकानात तू काय गात होतास?

मी हे एकदाच विचारणार आहे. तुझं उत्तर काहीही आलं तरी तू माझा दादाच राहशील. पण त्या बाई रोज जिन्यात भेटतात आणि मला मान वर करून बघता येत नाही.

माया आहेच, ती या प्रश्नाने आटू देऊ नकोस.
वसू


Piscataway,
९ मार्च २०२४

डिअर आत्या,
सा. न. वि. वि. (हे बाबांच्या जुन्या पत्रात बघून लिहिलंय, चुकलं असेल तर सॉरी.)

तू बाबांना काय लिहिलंस? तुझं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसला होतो, पहिल्यांदाच त्यांनी स्वतः उघडलं. तेव्हापासून नीट जेवत नाहीत. बोर्डवर लिहून विचारलं तर पुसून टाकतात. डॉक्टरकडे नेलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.

मी काय एक्साइट झालो होतो यार. पत्रक फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, ते त्यांनी काढून ठेवायला सांगितलं. आत्या, तुला माहितेय ना, ते गाणं म्हणजे आमचं घर आहे. आईबाबा भांडले की रात्री बाबा ते गायचे आणि आई हसायची. आईच्या तेराव्याला मी दुसरं काही लावूच शकलो नाही. माझ्या बाबांनी माझ्या आईसाठी गाणं केलं, हे मी शाळेपासून सगळ्यांना सांगत आलोय. त्याच्यावर कोणी ऑब्जेक्शन घेतलं असेल तर मला सांग, मी बोलतो त्यांच्याशी.

तिकिटं बुक झालीत, माझं आणि बाबांचं. १३ एप्रिलला येतोय. बाबांना काही झालं असेल तर लपवू नकोस प्लीज.

तुझा,
ऋषी


पिस्कॅटवे,
१७ मार्च २०२४

चि. वसूस आशीर्वाद. ते देण्याचा अधिकार उरला आहे का, ते हे पत्र वाचून तू ठरव.

रंगूनच्या त्या दुकानात मी गात नव्हतो. मी ऐकत होतो.

दुकानात एक टेपरेकॉर्डर होता आणि एक टेप होती. अठरा दिवस, रोज संध्याकाळी, मी चहा घेऊन ती ऐकली. एका तरुणाचा आवाज, मागे गिटार. शब्द कळत नव्हते. दुकानदाराला विचारलं तेव्हा तो धक्क्याकडे बोट दाखवून हाका मारल्यासारखं करायचा, म्हणून नदीपलीकडच्या कुणाला तरी बोलावतो आहे, असं मी समजलो. बोट निघाली तेव्हा चाल माझ्या डोक्यात पक्की बसली होती. कोलंबोला शैलजाचं पत्र मिळालं. तिची कविता मी त्या चालीवर म्हणून पाहिली आणि ती अशी बसली की मलाच घाम फुटला. एक अक्षर इकडचं तिकडे करावं लागलं नाही.

नागपूरला आल्यावर मी ती तिला गाऊन दाखवली. तिने विचारलं, चाल कुणाची. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, समोर होणारी बायको बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, माझी. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, लग्नानंतर सांगू म्हटलं, ऋषी झाल्यावर सांगू म्हटलं. ती गेली. दुसरी चाल का केली नाही, असं तुम्ही विचारायचात. मी पहिलीच केली नव्हती.

तुझं पहिलं पत्र ऋषीने वाचलं आणि तो आनंदाने ओरडत आला, तेव्हा मला पुन्हा एकदा संधी होती. मी छापील नाव मागितलं. हे मी का केलं, याचं उत्तर मला शोधूनही सापडत नाही. एका खोट्यावर पन्नास वर्षं कुणी बोट ठेवलं नाही, की ते खोटं आहे हे माणूस विसरायला लागतो, एवढंच म्हणता येईल. पण त्या माणसाला त्याच्या गावाने लबाड ठरवलं होतं आणि त्याच्या बायकोने एकटीने त्याची बाजू लावून धरली होती, तिलाही मी फितवली. वसू, याची मला इतकी लाज वाटते की आरशात बघून दाढी करता येत नाही.

आता करायचं ते असं. हे पत्र दॉ टिन न्योंना थिरीकरवी शब्दशः वाचून दाखव. काहीही गाळू नकोस. पत्रकावरून माझं नाव काढ. पुन्हा छापण्याचा त्रास त्यांना पडला, तर तो माझ्यामुळे पडला हे सर्वांना सांग. कार्यक्रमाला मी येणार नाही. माफी मागायला यावं हे खरं, पण त्यांच्या नवऱ्याच्या दिवशी सगळ्यांनी माझ्या म्हाताऱ्या तोंडाकडे बघावं, असं मला वाटत नाही. त्यांनी बोलावलं तर नंतर येईन.

ऋषीला मी तोंडाने सांगू शकलो नाही. लिहूनही दाखवू शकलो नाही. हे पाकीट मी चिकटवणार नाही. त्याच्या टेबलावर ठेवतो आहे. वर लिहिलं आहे : वाच आणि मग पोस्टात टाक.

लोभ करावा असं लिहवत नाही. पत्र मिळाल्याचं कळव.
हेमचंद्र


सनीव्हेल, आत्याकडून,
१५ एप्रिल २०२४

ती. बाबांस,
ऋषीचा नमस्कार.

मला मराठी पत्र लिहिता येत नाही. पण तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही आणि मेसेजमध्ये हे मावणार नाही. आत्या शेजारी बसून शुद्धलेखन बघते आहे.

तुमचं पाकीट मी चार दिवस गाडीत ठेवलं होतं. पोस्टाच्या पेटीपर्यंत दोनदा जाऊन परत आलो. पाठवलंच नाही तर कुणाला कळणार, असंही मनात आलं. मग वाटलं, हेच तर बाबांनी केलं. म्हणून टाकलं. त्यानंतर पंधरा दिवस मी तुमच्याशी बोललो नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मी अजून रागावलोय, हे पण लिहून ठेवतो.

आत्याने पत्र मार्चमध्येच दॉ टिन न्योंना वाचून दाखवलं होतं. थिरी सांगत होती, आजीने एक वाक्य तिला तीन वेळा म्हणायला लावलं, ‘मी गात नव्हतो, मी ऐकत होतो’. मग खूप रडल्या आणि नवऱ्याचा फोटो परत लावला. रंगूनच्या दोन नातेवाइकांना फोन केला, त्यातल्या एका नणंदेला चांगलं झापलं. ती नव्वद वर्षांची आहे.

मी शनिवारी त्यांना भेटलो. पाया पडलो आणि तुमच्या वतीने सॉरी म्हटलं. त्यांनी मला एकच विचारलं, ते दुकान धक्क्याच्या कोणत्या बाजूला होतं. मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, डाव्या बाजूलाच असणार. रेकॉर्डिंगच्या दुकानांनी नाही म्हटल्यावर त्यांच्या नवऱ्याने ती टेप त्या एकाच चहावाल्याला फुकट देऊन टाकली होती. दुसरीकडे ती कधी वाजलीच नाही. माझं गाणं कुणी घेतलं नाही, असं म्हणत ते गेले. एका माणसाने घेतलं होतं, त्याच्यावर लग्न केलं, संसार केला, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्या माणसाला घरी जेवायला बोलावलं असतं, असं त्या म्हणाल्या. मे महिन्यात तुम्हाला बोलावलं आहे. तिकीट मी काढतोय.

मला वाटलं, संपलं. पण मग त्यांनी आईच्या कवितेचा अर्थ विचारला. आत्याने इंग्रजीत सांगितला, थिरीने ब्रह्मीत. किनाऱ्यावर मागे राहिलेली मुलगी बोटीला काय सांगते, ते. दॉ टिन न्यो म्हणाल्या, माझ्या नवऱ्याच्या गाण्यात तो नदीपलीकडे हाका मारतो आणि गाणं संपतं, पलीकडून कुणी बोलत नाही. हिने उत्तर दिलं आहे. मग थिरीला काही तरी सांगितलं आणि पत्रक पुन्हा बदललं गेलं.

काल फ्रीमॉन्टच्या हॉलमध्ये तीनशे माणसं असतील. आधी थिरीने आजोबांचे शब्द गायले. मग दॉ टिन न्योंनी मला स्टेजवर बोलावलं. मी तुमच्यासारखा गात नाही, दुसऱ्या कडव्यात बेसूर झालो, पण आईचे शब्द पूर्ण म्हटले. कुणाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं आणि सगळे हलक्या आवाजात चाल गुणगुणत होते, त्यांना ती येतच होती. खाली उतरल्यावर लोक माझ्याकडे येऊन आईचं नाव विचारत होते. नीट म्हणता येईपर्यंत विचारत होते. बाबा, त्यांच्याकडे दुसऱ्याच्या चालीवर शब्द लिहिणाऱ्याला किती मान आहे, हे मी वाचलं होतं, पण काल पाहिलं.

पत्रक सोबत जोडलंय. पाचवं गाणं. चाल : ऊ चिट ल्विन. मराठी शब्द : शैलजा भुसारी.

मी एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि आईचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आपण सगळे त्याला ‘बाबांची चाल’ म्हणायचो. ‘आईचे शब्द’ असं कुणीच म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. निघताना दॉ टिन न्योंनी मला विचारलं, तुझ्या आईने आणखी काय काय लिहिलं होतं. मी आत्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

तुम्हाला सांगता येईल का?

उत्तराची वाट बघतोय.
तुमचा आणि आईचा,
ऋषी